आत्याबाईंच्या खळ्यात चार रात्री

हे एका जुन्या गाडीचं फिरतं घर करायला निघाले, तेव्हा गाडीत संडास असेल तरच मी येणार, एवढी एकच अट मी यांना घातली होती. पलंग कुठे, ओटा कुठे, पंखे किती, ते तुमच्या मनासारखं करा म्हटलं. पण संडास हवा, त्याला दार हवं, आणि दाराला आतून कडी हवी.

ज्या बायकांनी एसटीनं लांबचा प्रवास केलाय त्यांना यामागचं कारण सांगावं लागणार नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बेतानं प्यायचं. सकाळी चहा अर्धा कप. स्टँडवरच्या त्या जागेत नाक दाबून जायचं, नाहीतर मुक्काम येईपर्यंत कळ काढायची. मी टेलिफोन खात्यात होते. सुरुवातीची काही वर्षं माझी बदली धुळ्याला होती आणि घर नाशिकला. दर शनिवारी-सोमवारी तो प्रवास केला. पुढे मूत्रमार्गाचं दुखणं मागे लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "प्रवास खूप करता का?" ३१ जानेवारी २०२०ला मी व्हीआरएस घेऊन बाहेर पडले, तेव्हाच ठरवलं होतं की आता पाणी पोटभर पिऊन प्रवास करायचा.

हे ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताला सतत काहीतरी काम लागतं. २०२१मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन, म्हणजे राहत्या गाडीतून पर्यटनाचं धोरण आणलं त्या बातमीचं कात्रण यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. दोन वर्षांनी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर मिळाली. नाशिकातच अंबडच्या एका शेडमध्ये चार महिने काम चाललं. आसनं काढली, पुढची दोन आणि मधलं एक पट्ट्यांचं बाकडं ठेवलं. मागे आडवा पलंग, खाली सामान. टपावर ४०० वॉटची सोलर पॅनेल, बाकड्याखाली २०० अँपिअरची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. दोन पंखे, दिवे आणि छोटा फ्रीज त्यावर आरामात चालतो. पाण्याची टाकी ८० लिटरची. गाडीत असे बदल करायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद लागते. त्या फेऱ्या यांनी न कंटाळता मारल्या. आणि डाव्या कोपऱ्यात माझा संडास. वर कमोड, खाली सुटकेसएवढी २० लिटरची टाकी. ती बाहेरून ओढून काढायची, घरच्या संडासात रिकामी करायची, धुवायची, निळं औषध टाकून परत बसवायची. दोघांना दोन दिवस पुरते. हे काम यांनी स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत केलं, हे इथे लिहून ठेवते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला आणि त्यानंतरच्या मंगळवारी निघालो. ठरवलं असं होतं की दिवाळीच्या आत जेवढी माणसं भेटायची राहून गेलीत तेवढी भेटून यायची. दिवाळीत सगळे आपापल्या गडबडीत असतात, आणि उन्हाळ्यात खानदेशात कुणी जाऊ नये. पाऊस सरलाय, थंडी लागायचीय, असे हे मधले पंधरा दिवस. दुपारचं ऊन चटका देतं, पण सातनंतर हवा अशी पडते की खिडकी उघडी ठेवून झोपावं.

आडगाव सोडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, चालू होती. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावणाऱ्या बायका हातमोजे घालून, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून ओळीनं चालल्या होत्या. पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्यांची रांग. चांदवडला रेणुकादेवीला गाडीतूनच हात जोडले, राहुड घाट उतरलो, आणि मी घरून आणलेली पाण्याची बाटली मालेगावच्या आत संपवली. तेवढ्यानंच माझा दिवस सार्थकी लागला.

पहिला मुक्काम धुळ्याला, देवपुरात माझ्या मावसबहिणीकडे. तिथे फसलो. तिच्या अपार्टमेंटची कमान आठ-साडेआठ फुटांची आणि आमची गाडी पॅनेलसकट साडेनऊ. रात्रभर गाडी बाहेर रस्त्यावर आणि आम्ही तिच्या हॉलमध्ये. त्यामुळे बहीण खूश. "बघ, झोपलीस ना माझ्याकडे!" असं ती सकाळी तीनदा म्हणाली.

हे एक मला निघण्याआधी नीट लक्षात आलं नव्हतं. मला वाटत होतं, आपली गाडी, आपलं अंथरूण, आपला चहा. कुणाला गाद्या काढायला लावायच्या नाहीत, कुणाची खोली अडवायची नाही, माणसं खूशच होतील. पण आपल्याकडे पाहुणा दारात येऊन गाडीत झोपतो म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. पुढे संगमनेरजवळच्या अकोल्याला माझ्या दादानं तर संध्याकाळभर अबोला धरला. त्यानं आमच्यासाठी वरची खोली शेणानं सारवून घेतली होती.

आणि अंमळनेरच्या बाजूला यांच्या मोठ्या आत्याबाईंचं गाव. तिथे तर गाडी गल्लीत शिरेपर्यंतच खोळंबली. घरोघरच्या सर्व्हिस वायरी गल्लीवरून आडव्या गेलेल्या आणि उन्हानं ढिल्या पडून खाली लोंबलेल्या. दोन पोरं हौसेनं बांबू घेऊन टपावर चढायला निघाली. हे गाडीतून उतरून ओरडलेच. पोरांना खाली उतरवलं आणि गाडी मागे घेतली. शेवटी गावाबाहेर दिरांच्या खळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी, कडुनिंबाखाली ती लावली. पॅनेलला ऊन मिळावं म्हणून अर्धी सावलीत, अर्धी उन्हात.

आत्याबाई त्र्याऐंशीच्या. काठी टेकत, जाऊबाईंचा हात धरून खळ्यापर्यंत आल्या. गाडीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं.

"मन्हा घरमा जागा नही शे का रे, बापू?"

यांना काही सुचेना. मीच पुढे होऊन म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही आधी आमच्या घरी या. मग आम्ही तुमच्याकडे येतो." त्या हसल्या नाहीत, पण वळल्याही नाहीत.

गाडीची पायरी जमिनीपासून १६ इंच वर. खळ्यातला एक लाकडी पाट आणून ठेवला, त्याच्यावर दुसरा ठेवला, तो डगमगला, काढला. मग हे खाली उकिडवे बसले, आत्याबाईंनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, मी वरून दोन्ही हात धरले. चढल्या. बाकड्यावर टेकल्या आणि घाम पुसत सगळीकडे बघत राहिल्या. मग उठल्या. नळ सोडून बघितला. पाणी आलं तसा लगेच बंद केला. फ्रीज उघडला, आतल्या कोथिंबिरीला हात लावला. पलंगाची गादी दाबून बघितली. आणि शेवटी त्या कोपऱ्यातलं दार.

त्या दारात त्या खूप वेळ उभ्या होत्या. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "गाडी चालू असली तरी जाता येतं?"

"थांबवायची आणि जायचं," मी म्हटलं. "बापूला फक्त हाक मारायची."

त्या रात्री कोजागिरी. जाऊबाईंनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तो हिरव्या मिरचीचा ठेचा, जो मला नाशिकला शंभरदा करूनही जमलेला नाही. भरीत करा ना, असं हे म्हणाले, तर दिरांनी हातच झटकले. भरिताची खरी वांगी थंडीत येतात, आता जी मिळतात ती विकत घेऊन खायची नसतात असं त्यांचं म्हणणं. जेवून सगळे खळ्यात आलो. दूध गाडीतल्या शेगडीवर आटवायचं असा आत्याबाईंचाच हुकूम निघाला, त्यामुळे घरातली चौदा माणसं कांबळी टाकून गाडीभोवती बसली आणि मी आत पातेल्यात चमचा फिरवत उभी. चारोळी आणि वेलदोडे जाऊबाईंचे, साखर आणि केशर माझं. आधी ढग होते. दहाच्या सुमारास फाटले, आणि गंजीवर, बैलांच्या पाठींवर, आमच्या टपावरच्या काचांवर चांदणं पडलं. पोरं म्हणाली, सोलर आता चार्ज होतंय का? हे त्यांना अर्धा तास समजावत बसले की चांदण्यात वीज होते, पण मोजायला यंत्र लागेल इतकी थोडी.

बारा वाजता सगळे उठले. आत्याबाई उठेनात. "मी इथंच झोपते," म्हणाल्या. दीर म्हणाले, आई, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "सूनबाई आहे ना सोबत." मग हे कांबळं घेऊन दिरांबरोबर ओसरीवर गेले, आणि गाडीच्या पलंगावर आत्याबाई आणि मी.

वरचा झरोका उघडा होता. चांदण्याचा चौकोन त्यांच्या लुगड्यावर पडला होता. मला वाटलं त्या झोपल्या. मग त्या बोलायला लागल्या, अगदी हळू, घरातलं कुणी ऐकू नये अशा बेतानं.

त्यांची धाकटी बहीण पारोळ्याला असते. इथून पंचवीस किलोमीटरही नाही. सहा वर्षांत दोघींची भेट नाही. धाकट्या आत्याबाईंचे यजमान गेले तेव्हाही या गेल्या नाहीत. घरात सगळ्यांना वाटतं गुडघे, किंवा जुना काही राग. नातवांनी कितीदा गाडी काढली, या नाही म्हणाल्या. हट्टी म्हातारी, असं नाव पडलं.

"मला अर्ध्या तासानं जावं लागतं गं," त्या म्हणाल्या. "आणि खाली बसता येत नाही. तिच्याकडे खाली बसायचा आहे. एकदा तिच्या मोठ्या मुलाच्या लग्नात लुगडं खराब झालं. माणसांत. तेव्हापासून मी नाही जात कुठे."

घरी त्यांच्यासाठी मुलानं खुर्चीचा संडास करून घेतलाय, म्हणून घर चालतं. त्यापलीकडे त्यांचं जग संपलेलं. आणि मुलाला, नातवाला हे सांगणार कोण? सहा वर्षं त्या गप्प होत्या. मी त्यांचा हात धरून पडून राहिले. सगळी नोकरी मी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, ट्रंककॉलच्या जमान्यापासून. या दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात हे मला माहीत होतं. त्यामुळेच तर कुणाला शंका आली नव्हती. बोलणं चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. माझ्या खात्याचा मला अभिमान आहे, पण त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

सकाळी मी यांना विहिरीजवळ बाजूला घेऊन सांगितलं. यांनी काही विचारलं नाही. टाकी काढून धुवून आणली, नवं औषध टाकलं आणि दिरांना म्हणाले, "आत्याला पारोळ्याला फिरवून आणतो, डिझेल भरायचंच आहे."

आत्याबाईंना बाकड्यावर बसवलं, पट्टा लावला, पाठीशी दोन उशा. मी समोर. कपाशीच्या शेतांमधून रस्ता, बोंडं फुटून पांढरी झालेली, वेचणीच्या बायका कमरेला ओटी बांधून. पहिल्यांदा हाक मारताना त्या संकोचल्या. हे बाभळीखाली गाडी थांबवून खाली उतरले, लांब जाऊन पाठ करून उभे राहिले, हातात उगाच टायर तपासायचं यंत्र. दुसऱ्यांदा त्यांनी खणखणीत हाक मारली, "ए बापू, थांब रे!" आणि तांब्याभर पाणी मागून प्यायल्या. पंचवीस किलोमीटरला दीड तास लागला.

पारोळ्याला गल्ली रुंद होती, गाडी थेट दारात लागली. धाकट्या आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना काही कळवलं नव्हतं. मोठ्या बहिणीला पायरीवर उभी बघून त्या जागच्या उठल्याच नाहीत. सूप मांडीवर तसंच. मग म्हणाल्या, "फोन का नाही केलास?"

त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. त्या एकमेकींच्या कानाशी लागून अहिराणीत बोलत होत्या, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. एवढं सांगते की दुपारी चारला परत निघायचं ठरलं होतं आणि आम्ही निघालो दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्री दोघी बहिणी गाडीतच झोपल्या. धाकटीनं आतून कडी लावून घेतली. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर, मच्छरदाणीत. परत आलो ते धाकट्या आत्याबाईंना सोबत घेऊन, आणि शनिवारी हे त्यांना पारोळ्याला पोचवून आले. एका रात्रीसाठी गेलेलो आम्ही आत्याबाईंकडे रविवारपर्यंत अडकलो. खळ्यातल्या चारांतली एक रात्र गाडी पारोळ्याच्या दारात होती, पण आत्याबाई ती धरून चारच मोजतात. निघताना दिरांना मी खरं काय ते सांगितलं. आत्याबाईंची परवानगी घेऊनच. ते बराच वेळ बैलाच्या गळ्याची घंटा हातात धरून उभे होते.

यानंतरचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. रविवारी संध्याकाळी फर्दापूरला पोचलो आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात हे तिथे गेल्यावर आठवलं. वेरूळला मंगळवारी सुट्टी, तेही जमेना. लेण्यांच्या पायथ्याशी जाऊन लेणी न बघता घाट चढलो.

छत्रपती संभाजीनगरला माझ्या खात्यातली जुनी मैत्रीण. तिच्या भागात तेव्हा नळाला सहा दिवसांनी पाणी येत होतं. तिच्या गॅलरीत, जिन्याखाली, पलंगाखाली पिंपं. आणि तरी निघायच्या दिवशी पहाटे ती आणि तिचा मुलगा बादल्या घेऊन आमची टाकी भरत होते. मी ओरडले तर म्हणाली, "माहेरचं पाणी आहे तुझं, तुलाच परत देते." या शहराला पाणी जायकवाडीतून येतं, आणि जायकवाडीत ते आमच्या गोदावरीतून. नाशिकला नळ सोडून दात घासणाऱ्यांपैकी मीही एक होते. तिच्या चार बादल्यांनंतर मला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठी उभी राहून मी ते एवढं पाणी बघितलं, १९७६पासून अडवलेलं, पलीकडचा काठ दिसेना, आणि मला तिच्या पलंगाखालची पिंपंच डोळ्यांसमोर येत राहिली.

शेवगाव, नगर, संगमनेर असं करत अकोल्याला दादाकडे. अबोल्याचं वर आलंच आहे. पश्चिमेकडे भाताची कापणी सुरू झाली होती आणि वहिनीनं नव्या तांदळाचा पहिला भात आमच्या पानात वाढला. दुसऱ्या रात्री आम्ही सारवलेल्या खोलीत झोपलो आणि दादा-वहिनी हट्टानं गाडीत. सकाळी दादा म्हणाला पंख्याचा आवाज येत नाही, चांगला आहे. समेट झाला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सिन्नरमार्गे घरी. तेरा दिवस, ८३० किलोमीटर. त्यातल्या पारोळ्याच्या दोन फेऱ्यांनी किलोमीटर वाढले आणि डिझेलचा हिशेब चुकला, पण यांनी तो परत केलाच नाही.

पाडव्याला आत्याबाईंचा फोन आला. आवाजच वेगळा. डिसेंबरात भरिताची वांगी येतील तेव्हा या, म्हणाल्या, आणि येताना वेळ काढून या, कारण दोघी बहिणींना वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचं आहे. रोपवे आहे ना तिथे? आहे म्हटलं. फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या चढायच्या नाहीत. "मग तुझ्या गाडीचीच पायरी तेवढी राहिली," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे कालपासून अंबडच्या शेडमध्ये आहेत. १६ इंचांची पायरी काढून दोन टप्प्यांची, आठ-आठ इंचांची करायची आहे, बाहेर सरकणारी, आणि दाराला उजव्या हाताला धरायला दांडा. दांडा कुठल्या उंचीवर हवा ते ठरवायला आज सकाळी फोन करून आत्याबाईंच्या कोपराची उंची मोजून मागवली. जाऊबाईंनी शिवणाच्या टेपनं मोजली, साडेपस्तीस इंच.